आवाज सोलापूरला, चित्र वैरागला

गुरुलिंगअण्णा हत्तुरे आणि त्यांची बायको श्रीदेवी रोज संध्याकाळी जोडीनं टीव्ही बघायचे. त्यातलं ऐकायचं काम अण्णांचं आणि बघायचं काम बाईंचं. अण्णांची नजर लहानपणीच, अक्कलकोटकडच्या त्यांच्या गावात असताना, तापात गेली. पुढं सोलापूरच्या अंधशाळेत शिकले, घरच्या कानडीच्या जोडीला मराठी तिथं पक्की झाली, आणि एका सूतगिरणीच्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागले. गिरणी बंद पडेपर्यंत त्याच खुर्चीवर होते. आता रिटायर होऊनही बरीच वर्षं झालीत. जुळे सोलापुरात एका अपार्टमेंटच्या तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर आहे. गॅलरीत तुळस, हॉलमध्ये दोन वेताच्या खुर्च्या, आणि समोर टीव्ही.

चित्र सांगायची सवय श्रीदेवीबाईंना लग्नानंतर लगेच लागली. अण्णांना गाण्यांचा नाद, म्हणून ते नव्या बायकोला घेऊन टॉकीजला गेले. अंधारात बाईंना राहवेना. त्या कानाशी लागून सांगू लागल्या, आता ती पळतीय, आता हा झाडामागं लपला. मागच्या माणसानं गप्प बसा म्हणून दोनदा श्श केलं. तिसऱ्यांदा तो पुढं वाकला आणि म्हणाला, ताई, माझ्यापुढं उंच माणूस बसलाय, जरा मोठ्यानं सांगा. हे अण्णा अजून सगळ्यांना सांगतात.

सांगण्याची बाईंची एक रीत बसून गेली होती. पडद्यावर कुणी बोलत असेल तोवर त्या गप्प. बोलणं थांबलं की त्यांची पाळी. आणि उगाच सगळं सांगायचं नाही. साडीचा रंग सांगायचा, कारण अण्णांना रंग आठवत होते. कोण कुणाकडं कसं बघतंय ते सांगायचं, कारण ते आवाजात येत नाही. मुलगी सृष्टी हेच ऐकत मोठी झाली. सगळ्यांच्याच घरी आई टीव्हीच्या मधेमधे बोलते, असं तिला शाळेत जाईपर्यंत वाटत होतं.

घरात पहिला टीव्ही आला तेव्हा रिमोट एकच होता. मग डिश आली आणि तिच्या डब्याचा दुसरा रिमोट आला. जावयानं दिवाळीला होम थिएटर दिलं, त्याचा तिसरा. कानडी वचनगीतांच्या आणि भजनांच्या जुन्या सीड्या लावायचा प्लेअर होता, त्याचा चौथा. बाईंनी प्रत्येकाला खूण केली. टीव्हीच्या रिमोटला रबर, डिशच्याला दोरा, होम थिएटरच्या पाठीवर शर्टाचं बटण चिकटवलेलं. सीडीचा रिमोट एवढा लहान की त्याला खुणेची गरजच नव्हती. खुणा होत्या, पण कशाच्या मागून काय चालू करायचं आणि होम थिएटरवर टीव्हीचा आवाज आणायचा का सीडीचा, हे बारक्या खिडकीतली अक्षरं वाचून ठरायचं, आणि ते बाईच करायच्या. अण्णा खुर्चीत बसायचे, त्या लावून द्यायच्या. इतकी वर्षं त्यात दोघांनाही काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या थंडीत सृष्टीचं दुसरं बाळंतपण आलं. ती वैरागला दिलेली. थोरला मुलगा नुकताच शाळेत जायला लागला होता, त्यामुळे तिला माहेरी येता येईना. मग आईनंच तिकडं जायचं ठरलं, चांगला दीड महिना. जायच्या आधी श्रीदेवीबाईंनी कडक भाकरीची चवड रचून ठेवली, शेंगांच्या चटणीची बरणी भरली, आणि खाली राहणाऱ्या मथुराबाईंना रोज एक वाटी भाजी द्यायला सांगितलं. मथुराबाई म्हणजे अपार्टमेंटचे वॉचमन कोंडीबा यांची बायको. दोघं उजनीच्या पाणलोटाकडच्या एका गावातले, मुलं मोठी झाल्यावर शहरात आलेले. टीव्हीचं बाईंनी असं करून दिलं की मालिकेचं चॅनेल लावून ठेवलं, होम थिएटर जुळवून ठेवलं, आणि अण्णांना बजावलं, आता फक्त भिंतीवरचं बटण दाबा, कुठल्याही रिमोटला हात लावू नका. अण्णांनी मान हलवली.

थोडे दिवस हे छान चाललं. पण एकटं ऐकताना मालिकेत मोठमोठी भोकं पडायची. कुणी बोलायचं थांबलं की नुसतं संगीत सुरू व्हायचं आणि अण्णा वाट बघत बसायचे. मग पुन्हा कुणीतरी बोलायचं, आणि मधल्या वेळात काय झालं ते कळायचंच नाही. एकदा तर एक बाई मेली की रुसून माहेरी गेली, याचा त्यांना तीन भाग पत्ता लागला नाही.

एका सकाळी अण्णा डिशचा रिमोट हातात घेऊन आवाज थोडा वाढवत होते, तेवढ्यात फोन वाजला. टीव्हीच्या आवाजात ऐकू येईना म्हणून ते गॅलरीत आले. वैरागहून श्रीदेवीबाई होत्या. नात झाली होती, बाळबाळंतीण सुखरूप होती. अण्णांनी आनंदानं मोकळा हात म्हणून रिमोटचाच हात कठड्यावर आपटला आणि रिमोट तिसऱ्या मजल्यावरून खाली गेला. थोड्या वेळानं कोंडीबा तुकडे ओंजळीत घेऊन वर आले.

"अण्णा, पाठ हितं हाय, पोट हितं हाय. एक सेल गाडीखाली घावला, दुसरा काय घावंना," ते म्हणाले.

अण्णांनी त्यांना आधी नातीची बातमी दिली आणि साखर हातावर ठेवली. रिमोटचं दुःख नंतर सुरू झालं. त्याच दुपारी लाईट गेली, आणि परत आली तेव्हा डिशचा डबा कंपनीच्या स्वतःच्या जाहिरातींच्या चॅनेलवर सुरू झाला. रिमोटशिवाय तो तिथून हलेना. एक बाई कुकर विकत होती. संध्याकाळी लावलं तरी तीच, दुसऱ्या दिवशी लावलं तरी तीच. त्या कुकरचे गुण अण्णांना पाठ झाले.

श्रीदेवीबाईंना सांगावं तर त्या तिकडं बाळंतिणीच्या धावपळीत, आणि उगाच जिवाला घोर लावून घ्यायच्या. अण्णांनी पांढरी काठी घेतली, रिक्षा केली आणि नवी पेठेत ओळखीच्या दुकानात गेले. दुकानदार मृत्युंजय हे त्यांच्या अंधशाळेतल्या एका मित्राचे धाकटे भाऊ. अण्णांनी तुटका रिमोट काउंटरवर ठेवला. तसाच मिळेल, पण मागवावा लागेल, असं मृत्युंजय म्हणाले. त्यापेक्षा चारी वस्तूंना एकच चालणारा रिमोट घ्या, युनिव्हर्सल, सगळी भानगड मिटेल. हे अण्णांच्या मनात भरलं. त्यांनी बरेच रिमोट हातात घेऊन पाहिले. काहींची बटणं गुळगुळीत, सगळी सारखी, बोटाला काही सांगतच नव्हती. शेवटी एक जाडजूड सापडला. पाचाच्या आकड्यावर उंचवटा, आवाजाचं बटण लांबट, चॅनेलचं गोल, आणि सगळ्यात वर चार बटणांची ओळ, एकेका वस्तूसाठी एकेक.

मृत्युंजयनी रीत समजावली. ज्या वस्तूसाठी जुळवायचं तिचं वरचं बटण दाबायचं. मग सेटचं बटण धरून ठेवायचं, तांबडा दिवा लागेपर्यंत. मग कागदावरचा त्या कंपनीचा नंबर टाकायचा. नंबर सापडला नाही तर बंद-चालूचं बटण एकेकदा दाबत जायचं. दर दाबण्याला रिमोट नव्या कंपनीची खूण पाठवून बघतो. ज्या दाबण्याला वस्तू बंद पडेल तिथंच थांबून परत सेट दाबायचं. आणि एखाद्या वस्तूचा जुना रिमोट जिवंत असेल तर दोन्ही रिमोट तोंडाला तोंड लावून ठेवायचे, जुन्याचं बटण दाबायचं, नवा ते शिकून घेतो. हे सगळं सांगून झाल्यावर दिवा लागलेला अण्णांना दिसणार नाही, हे मृत्युंजयच्या ध्यानात आलं आणि ते अवघडले. लग्नसराई संपली की माणूस पाठवतो, म्हणाले. अण्णा म्हणाले, दिव्याचं मी बघतो, तुम्ही बिल करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोंडीबांना वर बोलावलं. कोंडीबांना मराठी वाचता येत होतं, इंग्रजी नाही, आणि कागद सगळा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला. मग टीव्हीजवळ गेले, त्याच्या कोपऱ्यावर जी अक्षरं होती ती बोटानं गिरवून घेतली आणि तशीच अक्षरं कागदावर कुठं जुळतात ते हुडकत बसले. मथुराबाई भाजीची वाटी घेऊन आल्या, नवऱ्याला तांदूळ निवडायला बसल्यासारखा कागदावर ओणवा झालेला बघून परत गेल्या. बऱ्याच वेळानं कोंडीबा म्हणाले, घावली. पुढचे आकडे त्यांनी खणखणीत वाचले, अण्णांनी दाबले, आणि टीव्हीनं ऐकलं.

डिशचा डबा मात्र वाकडा निघाला. त्याच्या कंपनीचं नाव कागदावर नव्हतंच. म्हणजे एकेकदा दाबत जायचं. ठरलं असं की दिवा लागला की कोंडीबांनी सांगायचं, आणि अण्णांनी आवाजाकडं कान ठेवायचा. आवाज तुटला की डबा बंद पडला. कुकरवाली बाई बोलत होती. अण्णा दाबत गेले. एकदा एकदम शांत झालं, अण्णांनी सेट दाबलं, आणि लगेच बाई पुन्हा बोलायला लागली. ती नुसती दम घ्यायला थांबली होती. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दुसऱ्या खेपेला खरंच डबा बंद पडला, पण अण्णांना वाटलं की पुन्हा दम घेतीय, म्हणून ते एकदा जास्त दाबून बसले आणि जुळलेलं हातचं गेलं. कोंडीबाही दिवा सोडून त्या कुकरातच गुंतले होते, पडदा काळा झाला हे त्यांनी सांगेपर्यंत उशीर झाला होता.

अण्णा जरा वेळ खुर्चीत टेकून बसले. राग आला नव्हता. गिरणीच्या बोर्डावर बसायचे तेव्हा लाइन तुटलीय का नुसता माणूस गप्प झालाय, हे त्यांना आवाजाच्या जागी काय उरतं त्यावरून कळायचं. माणूस गप्प असला तरी मागं खोलीचा म्हणून एक बारीक आवाज असतोच. तुटलेल्या लाइनीत तोही नसतो. त्यांनी उठून भिंतीवरचं बटण बंद-चालू करून डबा परत सुरू केला, होम थिएटरचा आवाज खूप वाढवला आणि कोंडीबांना म्हणाले, आता बाईकडं लक्ष देऊ नका, मीही देणार नाही. बाईच्या बोलण्यामागं त्या चॅनेलची बारीक खरखर चालू होती. बाई थांबली तरी ती होती. अण्णा एकेकदा दाबत गेले, आणि एका दाबण्याला बाई गेली, तिच्या मागची खरखरही गेली. तिथंच थांबून त्यांनी सेट दाबलं. मग डब्याचं बंद-चालू पुन्हा दाबलं. डबा सुरू झाला. चॅनेलचं बटण दाबलं, आणि इतक्या दिवसांनी कुकर गेला, कुणीतरी बाजारभावाच्या बातम्या सांगू लागलं.

"जमलं की वो," कोंडीबा म्हणाले, आणि मथुराबाईंना चहा टाकायला सांगायला खाली गेले.

होम थिएटर आणि सीडी प्लेअरचे जुने रिमोट शाबूत होते. ते काम अण्णांनी नंतर एकट्यानंच केलं, टीपॉयवर दोन रिमोट तोंडाला तोंड लावून. एक बटण जुन्याचं, एक नव्याचं. दोन गुरं एकमेकांना हुंगत उभी असावीत तसे ते समोरासमोर पडलेले. एखादं बटण नवा शिकायचा नाही, तेव्हा अण्णा दोघांना जरा जवळ सरकवायचे. दोन-तीन दिवस असं हळूहळू चाललं. काम संपल्यावर त्यांनी सीडी लावली, खुर्चीत बसून भजनं ऐकली, आणि जागेवरूनच बंद केली. हे त्यांनी पहिल्यांदाच केलं होतं.

इकडं वैरागला श्रीदेवीबाईंची वेगळीच पंचाईत झाली होती. रोज संध्याकाळच्या फोनवर त्या बाळाचं सांगायच्या, सृष्टीचं सांगायच्या, पण एके दिवशी त्यांनी हसत हसत आपलंच सांगितलं. विहीणबाईंबरोबर मालिका बघायला बसल्या होत्या. सवयीनं तोंडातून निघालं, आता तो जिना उतरतोय, खिशात हात घातलाय. विहीणबाई चकित होऊन म्हणाल्या, मला दिसतंय की हो. तेव्हापासून त्या तोंडावर पदर धरून मालिका बघत होत्या.

अण्णांनी विचारलं, आज मालिका कधी लागणार. आत्ता सुरूच होईल, त्या म्हणाल्या.

"मग फोन ठेवू नको. सांग."

"री, तुम्हाला तिकडं कुठं लावता येणार आहे," बाई म्हणाल्या. त्या नवऱ्याला कानडीतलं री म्हणूनच हाक मारत. त्यांचं बोलणं संपायच्या आत फोनमधून त्यांच्या कानावर आपल्या हॉलमधला टीव्ही लागल्याचा, मग चॅनेल बदलल्याचा, आणि मग मालिकेच्या गाण्याचा आवाज आला. मग त्यांनी खालच्या आवाजात सांगायला सुरुवात केली.

एक गंमत झाली. वैरागला केबल होती आणि इथं डिश. दोन्हीकडचं चित्र एका वेळी पोचत नव्हतं. वैरागचं जरा आधी. बाई म्हणायच्या, आता ती हातातलं ताट खाली टाकणार बघा, आणि मग सोलापुरात ताट पडायचं. फोनमधून त्यांचं हसू ऐकू यायचं आणि विनोद मागून यायचा. अण्णांना हे फार आवडलं. आजवर आधी आवाज यायचा आणि चित्र मागून. आता चित्र पुढं धावत होतं. ते म्हणाले, तू आधी सांगतेस आणि मग तसं घडतं, तुझ्या हुकमावर चाललीय मालिका.

पहिल्या जाहिरातीला बाईंनी विचारलं, कुणी लावून दिलं. मग अण्णांनी रिमोट पडल्यापासूनचं सगळं सांगितलं. बाईंनी रागवायचा प्रयत्न केला, पण कुकरवालीपर्यंत आल्यावर त्यांना हसू आवरेना. आतल्या खोलीत सृष्टी बाळाला पाजत पडली होती. दारातून आईचा तो जुना, हलका, मधेच थांबणारा आवाज तिला ऐकू येत होता. ती नंतर आईला म्हणाली, मला हे ऐकत ऐकत झोप यायची, मी विसरूनच गेले होते.

पुढं रोजचंच झालं. हळूहळू विहीणबाईंनाही त्याची चटक लागली. त्यांची दूरची नजर अधू होती, हे त्यांनी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. एकदा फोन लावायला उशीर झाला तेव्हा त्याच म्हणाल्या, अहो, सांगा की, ती कुणाकडं बघतीय ते मला नीट कळत नाही. जावयानं मग त्यांना बार्शीला नेऊन चष्मा करून आणला. चष्मा आला तरी त्या श्रीदेवीबाईंना सांगायला लावायच्याच.

बारशाला अण्णा वैरागला गेले, नातीला मांडीवर घेतलं, तिच्या नाकावरून, भुवयांवरून अलगद बोट फिरवलं आणि सृष्टीला म्हणाले, ही तुझ्या आईवर गेलीय. परत येताना श्रीदेवीबाई बरोबर होत्या.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी बाई खुर्चीत बसल्या आणि सवयीनं त्यांचा हात टीपॉयकडं गेला. तोवर अण्णांनी लावूनसुद्धा झालं होतं. टीव्ही, डिश, होम थिएटर, एकामागून एक. बाईंनी हात परत मांडीवर घेतला. अण्णांनी विचारलं तेव्हा म्हणाल्या, बरं वाटलं, पण कुणीतरी माझ्या हातातली पळी काढून घेतल्यासारखंही वाटलं. अण्णांनी रिमोट बाईंच्या हातात दिला. त्यांना त्यातलं काहीच सापडेना. डोळ्यांनी अक्षरं वाचायला जावं तर ती बारीक, आणि बोटांना अजून वाट माहीत नव्हती. मग अण्णांनी त्यांचं बोट धरून वरच्या ओळीवर नेलं, डिशचं बटण कुठलं, टीव्हीचं कुठलं ते दाखवलं, आणि पाचावरच्या उंचवट्यापासून बाकीचे आकडे कसे मोजायचे ते सांगितलं. बाईंना दोन दिवसांत जमलं. आता रिमोट दोन खुर्च्यांच्या मधल्या स्टुलावर असतो आणि ज्याच्या हाताला आधी लागेल तो लावतो.

परवाच्या रविवारी त्यांच्याकडं हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, केली होती. गहू कांडण्यापासून बाईंचा हात चालू होता. दुपारी जेवणं झाली, कोंडीबा आणि मथुराबाईही वर जेवून गेले, आणि मालिकेचा मोठा भाग लागला. बाई सांगत होत्या, आता घरात कुणी नाही, आता ती सासूच्या खोलीत शिरली, निळी साडी आहे, मागं वळून बघतीय, कपाट उघडून काहीतरी बाहेर काढ... आणि वाक्य तिथंच राहिलं. अण्णा थांबले. शेजारच्या खुर्चीतून श्वासाचा एकसारखा आवाज येत होता. त्यांनी स्टुलावरचा रिमोट घेतला, आवाज थोडा कमी केला आणि पुढचं एकट्यानंच ऐकलं.

बाईंना जाग आली तेव्हा शेवटचं गाणं वाजत होतं. पदर सावरत त्यांनी विचारलं, काय झालं पुढं. अण्णांनी सगळं सांगितलं. नवरा आला, भांडण झालं, धाकटा रडला, सासू शेवटी बोललीच नाही.

"आणि कपाटातून काय काढलं होतं तिनं?"

"ते काही कळलं नाही," अण्णा म्हणाले. "पण जड होतं. ठेवलं तेव्हा टेबल वाजलं."